उलटी बसलेली काच

लेन्स एकच होती आणि तिच्यावर हात पडले दोन.

एक हात दिपमालाचा. नखं बारीक कापलेली, अंगठ्याजवळ स्क्रू-ड्रायव्हरचा जुना ओरखडा. दुसरा कुणाचा ते बघायला तिने मान वर केली. समोर पावसात भिजलेला एक तरुण उभा होता, कपाळावर केस चिकटलेले, आणि हात मागे घ्यायची त्याला मुळीच घाई नव्हती.

"मी आधी धरली," तो म्हणाला.

"मी आधी बघितली."

"नुसतं बघून आपलं होत असतं तर..." तो तिच्याकडे बघतच थांबला. "जाऊ द्या."

अमळनेरच्या रुपचंदभाऊंनी चाळीस वर्षं चालवलेला फोटो स्टुडिओ मोडायला काढला होता. लग्नाचे फोटो आता ड्रोनवाले काढत होते, मुलगा सुरतेला स्थायिक झाला होता, तेव्हा भाऊंनी कपाटं रिकामी करून सगळा संसार काउंटरवर मांडला होता. दिपमाला जळगावहून सकाळच्या गाडीने आली होती ती त्यातल्या काचा निवडायला. जळगावात तिच्या वडिलांचं, सुकदेवनानांचं, कॅमेरा दुरुस्तीचं दुकान होतं. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, दुरुस्ती तीच करायची आणि नाना खुर्चीत बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे.

"दोन गिऱ्हाईक नी एक काच," रुपचंदभाऊ हसायला लागले. "आते मी काय करू?"

"तुम्हाला कशाला हवी ही?" तिने त्या तरुणाला विचारलं.

"किड्यांसाठी."

"काय?"

"कपाशीवरचे किडे. जवळून फोटो काढायचेत. पायावरचे केससुद्धा मोजता आले पाहिजेत, इतक्या जवळून." तो एकदम गंभीर झाला. "मी ईश्वर. पिंपळनेरकडचा. मागच्या वर्षी आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, कपाशीवर काळ्या, काटेरी अळ्या बघितल्या आणि फवारणी केली. त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या हो! मावा, ती रस शोषणारी कीड, खाणाऱ्या. मित्र मेले आणि मावा तसाच राहिला. आता धुळ्याची एक संस्था मित्रकीटकांची पुस्तिका छापणार आहे, फोटो मी देतो म्हटलंय. आबांच्या डोळ्यांना चष्म्याशिवाय ओळखू येईल एवढा मोठा किडा पाहिजे मला."

दिपमालाला भांडायचं होतं, पण आता भांडण सुचेना. तिने लेन्स उचलली, दाराच्या उजेडाकडे धरली आणि त्याला जवळ बोलावलं.

"आत बघा. जाळं दिसतंय बारीक? बुरशी आहे. म्हणून मी ती सुट्या भागांसाठी नेणार होते."

"मग दुसरी निवडून द्या. तुमच्या हाताने."

तिने सगळा ढीग चाळला. एकशे पस्तीस मिलिमीटरची लांबुडकी लेन्स हातात घेऊन परत ठेवली. किडा बुजणार नाही एवढ्या अंतरावरून चाललं असतं, पण पुरेसा मोठा दिसायला तिच्यामागे पोकळ नळ्यांची माळच लावावी लागली असती. एका पन्नासच्या लेन्सच्या आतल्या पात्यांवर तेल आलं होतं. एक छान होती, पण नवी, तिचं उजेडाचं छिद्र, ॲपर्चर, कॅमेऱ्याच्या विजेवर उघडमीट करणारं, आणि असल्या साध्या नळ्यांतून वीज पुढे जात नाही. फिरून फिरून ती त्या बुरशीवाल्या रशियन अठ्ठावन्नवरच आली. अंगाने दणकट, रिंग हाताने फिरणारी.

"हीच घ्या," ती म्हणाली. "बुरशी मी काढून देते. आणि ही तीन कडी घ्या. सात, चौदा, अठ्ठावीस मिलिमीटर. एक्स्टेंशन ट्यूब."

ईश्वरने एक कडं डोळ्याला लावलं. "यात तर काचच नाही!"

"नसतेच. नुसती पोकळी असते. लेन्स कॅमेऱ्यापासून लांब सरकली की किड्याच्या जवळ जाता येतं. तिन्ही लावलीत तर किडा आतल्या सेन्सरवर जवळजवळ त्याच्या खऱ्या मापाचा उतरेल, मग छापताना हवा तेवढा मोठा."

"म्हणजे जवळ यायचं तर आधी लांब सरकायचं?"

"...हो."

"बरं झालं सांगितलंत," असं म्हणून तो गंभीर चेहऱ्याने अर्धं पाऊल मागे सरकला.

रुपचंदभाऊ खोकले. दिपमालाने पिशवीचा बंद उगाचच दोनदा बांधला.

पुढच्या रविवारी तो लेन्स घेऊन जळगावला दुकानात आला. सोबत शेतातली ताजी वांगी आणली होती, नानांना. नाना खूश झाले आणि वांगी घेऊन घरी गेले. आता दुकानात दोघंच. बाहेर सर येत होती, जात होती.

नानांचा एक नियम होता. काच बाहेर काढली की तिची पुढची बाजू ओळखायला कडेला पेन्सिलीचा ठिपका द्यायचा, मगच ती कापडावर ठेवायची. ठिपका दिल्याशिवाय पुढच्या स्क्रूला हात लावायचा नाही. हा नियम दिपमालाला बाराखडीबरोबर शिकवला गेला होता.

तिने पहिल्या काचेला ठिपका दिला. दुसरीला दिला. मग ईश्वर कोळ्याची गोष्ट सांगायला लागला. त्याच्या बांधावर एक कोळी होता, फुलाच्या रंगाचा. त्याच्यासमोर हा पठ्ठ्या तासभर गुडघ्यावर बसला होता आणि मागून आलेल्या गोऱ्ह्याने त्याची टोपी खाल्ली होती. सांगताना तो आधी गोऱ्हा झाला, मग टोपी झाला. दिपमाला हसली... इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. हातात लेन्सची मागची काच होती, दोन्ही अंगांनी फुगीर, एका अंगाने किंचित जास्त. तिने ती पुसली, कापडावर ठेवली आणि त्याच्याकडे बघत राहिली. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा आधी मिटायचा. हे किती वेळ बघत होती कोण जाणे.

काच उचलली, बसवली, तिला धरून ठेवणारी कडी फिरवली.

दुरुस्त लेन्सची कसोटी भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्रावर व्हायची, चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचून. पण त्याची चारची गाडी होती, आणि तो दारात उभा राहून म्हणाला, "माझ्यावरच बघा की." तिने कॅमेरा डोळ्याला लावला. मधोमध त्याचा चेहरा. पापणीन् पापणी स्पष्ट.

"झकास," ती म्हणाली.

मग फोटो यायला लागले. सकाळी सात-सव्वासातला फोन टिंग करायचा आणि दिपमाला ब्रश तोंडात धरून तो उघडायची. पानावरचा थेंब. मुंगीची मिशी. मध्ये सगळं रेखीव आणि भोवती हिरवं काहीतरी गोल गोल फिरल्यासारखं. 'तुमच्या लेन्सची जादू,' असं खाली लिहिलेलं. जुनी काच, तिचा स्वभाव असेल तसा, असं तिने मनाला सांगितलं. खरं तर फोटोपेक्षा त्याखालच्या ओळीच ती जास्त वेळ वाचायची.

एका सकाळी क्रायसोपा या मित्रकीटकाची अंडी आली. पानाच्या खालच्या बाजूला, केसासारख्या दांड्यांवर टेकलेली, ओळीने सात. मधलं अंडं मोत्यासारखं लखलखीत, आणि शेजारची सहाही भोवऱ्यात सापडल्यासारखी तिरपी ओढलेली. पान सपाट होतं. सातही अंडी कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर होती, सारखीच स्पष्ट यायला हवी होती.

दिपमालाच्या तोंडातला ब्रश खाली पडला. मागची काच! मागच्या काचेला ठिपका दिलाच नव्हता. काच उलटी बसली होती.

तेवढ्यात दुसरा मेसेज आला. 'पुस्तिकेच्या हेमांगीताईंनी सगळे फोटो परत पाठवले. म्हणाल्या, सुंदर आहेत, पण कडेचं सगळं पसरलंय, शेतकऱ्याला किडा ओळखू कसा येणार? महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. माझा हात थरथरतो बहुतेक. तुम्हाला काय वाटतं?'

एवढंच लिहायचं होतं की हात नाही, काच. पण मग तो विचारणार, काच उलटी बसलीच कशी? तुमच्या दुकानात असं होतं? आणि मग काय सांगायचं? की मी तुमचा डोळा आधी कोणता मिटतो ते बघत होते? चार भेटींची ओळख नाही आणि हे सांगायचं? नानांच्या दुकानातून तीस वर्षांत एक काच चुकीची गेली नव्हती. आणि गेली तर ती कशापायी, तर यापायी. तिचे कान तापले. बोटं पुढे झाली आणि त्यांनी लिहिलं, 'सराव करा. श्वास रोखून धरा.'

पाठवल्या पाठवल्या तिला स्वतःची किळस आली. पण पाठवलेलं पाठवलं.

आणि त्याने खरंच सराव केला हो. तीन आठवडे! पहाटे पाचला उठून, कोपराखाली फळकुट घेऊन, चिखलात पालथा पडून. आधी श्वास धरून, मग श्वास सोडून. तो रोज कळवायचा, आज एवढे काढले, आज तेवढे. एकदा लिहिलं, 'गावात मला थरथऱ्या म्हणायला लागलेत. पारावर बसलेले हात हलवून दाखवतात. आबापण हसतात.' पुढे एक हसरा चेहरा टाकला होता. त्या हसऱ्या चेहऱ्याकडे दिपमालाला बघवेना. तिने फोन पालथा घातला. त्या दिवशी तिने तीन कॅमेरे दुरुस्त केले, प्रत्येक काचेला दोन-दोन ठिपके दिले, आणि जेवण तसंच झाकून ठेवलं.

"लेन्स घेऊन या, एकदा तपासते," असं तिने दोनदा लिहिलं. 'लेन्समध्ये काय असणार, तुम्ही केलेली आहे,' असं दोन्ही वेळा उत्तर आलं.

मुदतीला नऊ दिवस राहिले होते तेव्हा तो स्वतःच आला. कॅमेरा, लेन्स, तिन्ही कडी, सगळं एका पिशवीत घालून पिशवी काउंटरवर ठेवली.

"विकून टाका," तो म्हणाला. "माझ्या हाताचं काम नाही हे. हेमांगीताईंना सांगतो, दुसरा माणूस बघा."

सांग. आत्ता सांग. दिपमालाने तोंड उघडलं. तो खाली, स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

"थांबा," ती म्हणाली. "मी... जरा तेलपाणी करून देते. एकदा शेवटचं बघा."

ती आतल्या टेबलाकडे गेली, त्याच्याकडे पाठ केली, मागची कडी सोडवली, काच सुलटी केली आणि कडी आवळली. पाच मिनिटं. तीन आठवडे आणि पाच मिनिटं! लेन्स हातात देताना तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही. तो मात्र म्हणाला, "तुम्ही म्हणताय म्हणून."

चौथ्या दिवशी पहाटे फोटो आला. ढालकिड्याची अळी, काळी, काटेरी, पाठीवर केशरी ठिपके, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काट्यान् काटा मोजून घ्यावा अशी. खाली फक्त लिहिलं होतं, 'जमलं!!!'

तिने तो फोटो नानांना दाखवला. नाना डोळे बारीक करून म्हणाले, "पोराचा हात बसला बघ." दिपमाला मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

पुस्तिका निघाली तो कार्यक्रम धुळ्याला होता. शे-सव्वाशे शेतकरी, चहा, शेव-चिवडा. ईश्वरने आग्रहाने तिला बोलावलं होतं, पुढच्या रांगेत बसवलं होतं. हेमांगीताईंनी त्याला दोन शब्द बोलायला उभं केलं. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो किड्यांवर एक अक्षर बोलला नाही.

"माझा हात थरथरत होता," तो म्हणाला. "मी सोडून देणार होतो. पण इथे एक मॅडम बसल्यात, त्यांनी सांगितलं, सराव कर. त्यांचा विश्वास होता म्हणून माझा हात बसला. टाळ्या वाजवायच्या तर त्यांच्यासाठी वाजवा."

टाळ्या वाजल्या. दिपमालाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. शेजारची बाई कौतुकाने तिच्या मांडीवर थापटत होती आणि ती मान खाली घालून साडीच्या काठाकडे बघत राहिली. लोकांना वाटलं, पोर लाजाळू आहे.

बाहेर पायऱ्यांवर तो तिला गाठायला धावतच आला. हातात पुस्तिकेची पहिली प्रत. "दिपमाला... म्हणजे, मॅडम... मला एक बोलायचंय. बरेच दिवस..."

"आधी मी बोलते."

"नाही, आधी मी. धीर गेला तर परत येणार नाही."

"ईश्वर, तुमचा हात कधीच थरथरत नव्हता."

तो हसतच होता. तिने एका दमात सांगून टाकलं. मागची काच उलटी बसली होती. तिनेच बसवली होती. अंड्यांच्या फोटोत तिला कळलं होतं. कळल्यावर तिने सराव करा असं लिहिलं होतं. मग तेलपाण्याच्या नावाखाली काच सुलटी करून दिली होती. सगळं सांगितलं. एवढंच सांगितलं नाही की ठिपका द्यायचा राहिला कसा.

त्याचं हसू जरा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, विसरल्यासारखं. मग गेलं.

"तीन आठवडे," तो म्हणाला.

"हो."

"रोज तुम्हाला कळवत होतो. रोज. आणि तुम्हाला माहीत होतं."

"...हो."

"गाव हसलं त्याचं काही नाही. पण मला माझ्याच हाताची लाज वाटायला लागली होती." पुस्तिका त्याने तिच्या हातात दिली, पानं न उघडता. "चूक कुणाचीही होते, मॅडम. पण तुम्ही मला चिखलात पालथा पाडून ठेवलंत." आणि तो पायऱ्या उतरून निघून गेला. बोलायचं होतं ते न बोलताच.

आठ दिवस फोन टिंग झाला नाही. दिपमालाने नानांना सगळं सांगितलं तेव्हा नानांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग म्हणाले, "त्याला सांगितलंस. त्याच्या गावाला कोण सांगणार?" एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

नवव्या दिवशी ती पहाटेच्या गाडीने निघाली. पिंपळनेरला उतरली, तिथून रिक्षा, तिथून पायी. कपाशी फुटली होती. ईश्वरच्या शेतात वेचणी चालू होती, दहा-बारा बाया, बांधावर दोघं-चौघं म्हातारे, आणि उंच, वाळलेले आबा, ईश्वरसारख्याच भुवयांचे. ईश्वर गाठोडं बांधत होता. तिला बघून त्याचे हात थांबले, पण तो पुढे आला नाही.

"कोन शे बेटा तू?" आबांनी विचारलं.

"मी जळगावची दिपमाला. कॅमेरे दुरुस्त करते." सगळ्या बाया वेचायच्या थांबल्या होत्या. पळून जावं असं तिला फार वाटलं. "मला सगळ्यांसमोर सांगायचंय. तुम्ही यांना थरथऱ्या म्हणता ना? यांचा हात थरथरत नव्हता. यांच्या लेन्समधली काच मी उलटी बसवली होती. आणि कळल्यावर मी ते लपवलं. खोटं बोलले. यांचा काही दोष नाही. हसायचं तर मला हसा."

कोणी हसलं नाही. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली.

"पोऱ्याले बठ्ठं गाव हासनं," ते हळूच म्हणाले. "मी बी हासनू." मग ईश्वरकडे न बघता टोपी परत घातली. "हाई पोर खरं बोलनी. मानूस खोटं बोलस, पन सांगाले इतला दूर कोन येस?"

सगळं इथे संपलं असतं. पण वेचणाऱ्या बायांत ईश्वरची चुलती होती, पुष्पाबाई, आणि तिला प्रत्येक गोष्ट मुळापासून लागायची. ओटीतला कापूस सावरत ती पुढे आली.

"पन चूक व्हयनी कशी? इतली हुशार पोर तू. काय करी राहिनी व्हती तवय?"

दिपमालाने ईश्वरकडे बघितलं. हे त्यानेही विचारलं नव्हतं. आता त्याची मान वर झाली होती आणि तो वाट बघत होता.

खोटं बोलायचं झालं तर हजार कारणं होती. दिवे गेले होते, घाई होती, काच निसटली होती. पण खोट्याचा तिला आता वीट आला होता.

"यांच्याकडे बघत होते," ती म्हणाली.

"काय?"

"काचेकडे बघायचं सोडून... यांच्याकडे बघत होते. हे गोऱ्ह्याची गोष्ट सांगत होते. मला काचेचं भानच राहिलं नाही." आणि मग, एवढं गेलंच आहे तर बाकीचं कशाला ठेवा, म्हणून: "मला आवडतात हे. म्हणून तर सांगायची शरम वाटली. चूक सांगितली असती तर हेही सांगावं लागलं असतं."

पुष्पाबाईच्या ओटीतला सगळा कापूस खाली सांडला. "ओ बई!" ती एवढंच म्हणाली, आणि बाया अशा काही हसल्या की बांधावरचे बगळे उडाले. दिपमालाचा चेहरा लालबुंद झाला होता. पण इतके दिवस आत टोचत होतं ते आता टोचत नव्हतं. ही लाज निराळी होती, हिच्यात मान खाली गेली तरी जड होत नव्हती.

ईश्वर मात्र परत गाठोडं बांधायला लागला. आबांनी तिला भाकरी खायला लावली, बायांनी फिरफिरून तीच गोष्ट तिच्याकडून वदवून घेतली, आणि दुपारच्या जळगाव गाडीला सोडायला तो मुकाट्याने तिच्याबरोबर पिंपळनेरला आला. गाडी लागली. ती चढली, खिडकीशी बसली. आणि तो तिच्या शेजारी येऊन बसला.

"तुम्ही कुठे?"

"साक्रीपर्यंत. राग संपलेला नाही माझा. सांगायचा राहिलाय." कंडक्टरला तो म्हणाला, "एक साक्री द्या." आणि मग पहिल्यांदाच एकेरीवर येऊन तिच्याशी भांडायला लागला. "तू रोज सकाळी माझे मेसेज वाचायचीस. तुला काहीच वाटायचं नाही?"

"जेवण जात नव्हतं."

"मला काय माहीत! मला वाटायचं, ही जळगावात मजेत बसलीय."

"नळ सोडून रडलेय मी."

"नळ कशाला?"

"नानांना ऐकू जाऊ नये म्हणून."

मग राग आठवल्यासारखा तो पुन्हा सुरू झाला. फळकुटाचं, चिखलाचं, सर्दीचं, एकेक काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने प्रत्येकाला "हो, चुकलं माझं" म्हटलं, कारण चुकलंच होतं. साक्री आली. तो उठला नाही.

"भाऊ, साक्री," कंडक्टर म्हणाला.

"अजून व्हायचंय. धुळे द्या."

तिकीट धुळ्याचं होतं, पण राग पुरला तो जेमतेम वाटेतल्या नेरपर्यंतच. पुढे बाहेर परतीच्या पावसाची सर आली, दिपमालाने काच ओढायला हात उचलला, काच अडकली होती, त्याने तिच्या हातावरून हात लावून ओढली. काच लागली. हात तिथेच राहिला.

"त्या दिवशी पायऱ्यांवर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही काय बोलणार होता?"

"तूच तर सांगितलंस आज. माझ्या शेतात. माझ्या चुलतीसमोर." तो बाहेर बघत होता, पण हसत होता, एक डोळा आधी मिटून. "मी नुसतं तुला सांगणार होतो, तू गावजेवण घातलंस."

धुळ्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. माणसं उतरली, माणसं चढली. कंडक्टर पुन्हा त्यांच्यापाशी आला आणि तिकिटाचं यंत्र हातात धरून उभा राहिला.

"जळगाव," ईश्वर म्हणाला.

"एकदाच काय ते ठरवायचं होतं ना, भाऊ."

"आत्ताच ठरलं."

गाडी पारोळ्याच्या रस्त्याला लागली. दिपमालाला एकदम काळजी वाटली. "परत कसे जाल? आज तर गाडी नाही आता. आणि राहाल कुठे?"

"नानांना विचारतो, राहू देतात का," तो म्हणाला. जरा थांबला, घसा साफ केला. "तसंही... त्यांना अजून एक विचारायचंच आहे."